उत्तंकाची तहान



आजचं वाचन महाभारतातल्या आश्वमेधिक पर्वातलं, उत्तंक ऋषींचं आख्यान. युद्ध संपलंय, श्रीकृष्ण द्वारकेला परत निघालाय आणि वाटेत मरुभूमीत त्याची उत्तंकांशी गाठ पडते. उत्तंकांना वाटत असतं की शिष्टाई सफल झाली असेल, कौरव-पांडव सुखाने नांदत असतील. सगळा संहार झाल्याचं कळल्यावर ते खवळतात. तुला थांबवता आलं असतं आणि तू थांबवलं नाहीस, म्हणून थेट शाप द्यायला निघतात. कृष्ण त्यांची समजूत घालतो, विश्वरूप दाखवतो आणि वर मागायला सांगतो.

उत्तंक आधी काहीच नको म्हणतात. कृष्ण आग्रह करतो. तेव्हा ते मागतात पाणी. या प्रदेशात पाणी दुर्मिळ आहे, हवं तेव्हा मिळावं, एवढंच. मला हा ऋषी इथेच आवडायला लागतो. मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. आमच्याकडच्या माणसाला हा वर समजायला भाष्य लागत नाही. कृष्ण म्हणतो ठीक आहे, पाणी हवं झालं की माझं स्मरण करा.

पुढे एकदा उत्तंक वाळवंटात फिरताना तहानेने व्याकूळ होतात आणि कृष्णाचं स्मरण करतात. समोर येतो एक चांडाळ. उघडा, अंग चिखलाने माखलेलं, हातात धनुष्यबाण, भोवती कुत्र्यांचं टोळकं. म्हणतो, ये, पाणी पी, तुला असं तहानलेलं बघून मला दया आली. आपल्याकडच्या गोष्टींच्या पुस्तकांत त्याच्याकडे कातड्याची पिशवी वगैरे असते. मूळ कथेत तसं नाही. तिथे ते पाणी त्याच्या देहातूनच वाहत असतं, म्हणजे मूत्रच. व्यासांनी पेपर मुद्दाम अवघड काढलाय! उत्तंक संतापून नाही म्हणतात. तो पुन्हा पुन्हा विनवतो, हे पुन्हा पुन्हा नाकारतात, आणि तो कुत्र्यांसकट दिसेनासा होतो. मग कृष्ण येतो. उत्तंक तक्रार करतात, ब्राह्मणाला असं पाणी द्यायचं असतं का? कृष्ण सांगतो, तो इंद्र होता. तुम्हाला अमृत द्यायला मीच त्याला सांगितलं होतं. माणसाला अमर करायला तो राजी नव्हता. शेवटी चांडाळाच्या रूपात जाईन, घेतलं तर देईन, या अटीवर तयार झाला.

या कथेचा नेहमीचा अर्थ तुम्हाला माहीत आहे. देव कुठल्याही रूपात येतो, भेदभाव करू नका. अर्थ बरोबरच आहे, पण तो इतका पटकन हाताला लागतो की मान डोलावून पान उलटता येतं. शिवाय कथेत एक बोचणारी गोष्ट आहे. इंद्राने ते रूप घेतलं कारण उत्तंक नाही म्हणणार याचा त्याला भरवसा होता. जातीची किळस त्याने कुलपासारखी वापरली. हे वाचून आपण नुसतं 'काय सुंदर शिकवण' म्हणून पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

मला मात्र या कथेत अडकवून ठेवलंय ते उत्तंकांच्या 'नाही'ने. ते नाही म्हणाले ते एका नियमासाठी. शौचाचा नियम, आयुष्यभर प्रामाणिकपणे पाळलेला. त्यांना दुष्ट म्हणता येत नाही. नियम पाळणं हीच तर त्यांची साधना. मग नियम आणि तहान समोरासमोर उभे राहिले की साधकाने काय करायचं? आणि तहान स्वतःची नसून दुसऱ्याची असेल तर?

हा प्रश्न माझ्या मागे लागला तो एका खऱ्याखुऱ्या वाळवंटात.

मी सध्या फिनिक्सला राहते. अ‍ॅरिझोनाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून काबेसा प्रिएटा नावाचं अभयारण्य आहे. रानमेंढ्यांसाठी १९३९ साली राखलेलं, सुमारे ८ लाख ६० हजार एकरांचं. त्यातला बहुतेक भाग १९९० पासून कायद्याने 'वाइल्डरनेस' आहे, म्हणजे तिथे माणसाने पाहुण्यासारखं यायचं आणि निघून जायचं. जवळचं गाव आहो. (हो, उच्चार असाच. आईला फोनवर सांगितलं तर तिला वाटलं मी नवऱ्याला हाक मारतेय.) तिथून पश्चिमेला जो मातीचा रस्ता जातो त्याचं नाव एल कमिनो देल दियाब्लो, सैतानाची वाट. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीशिवाय जाता येत नाही. वाटेत मुक्कामाच्या तीन जागा ठरवलेल्या आहेत: पापागो वेल, टुली वेल आणि ख्रिसमस पास. याला इथे प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणतात. नळ नाही, वीज नाही, फोनला रेंज नाही, आसपास माणूस नाही. तिथलं लाकूड जाळायचं नाही, स्वतःचा स्टोव्ह न्यायचा. कचरा, टॉयलेट पेपरसुद्धा, पिशवीत भरून परत आणायचा. शेजारीच हवाई दलाचा सरावाचा पट्टा असल्यामुळे न फुटलेले बॉम्ब असू शकतात. माझं काही बरंवाईट झालं तर जबाबदारी माझी, अशी सही केल्यावरच परमिट मिळतं.

जाण्यामागचं कारण म्हटलं तर आध्यात्मिक होतं. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणं येतात त्यात एकांत जागेची आवड आणि गर्दीत मन न रमणं ही दोन आहेत. आपल्या पिढीला ही दोन फार आवडतात (उरलेली अठरा जरा कमी). सहाव्या अध्यायात योग्याने एकट्याने, काही न बाळगता राहावं असं सांगितलंय. तर असे आम्ही तिघं, मी, नवरा आणि त्याचा ऑफिसमधला एक मित्र, जानेवारीत काही न बाळगता निघालो. गाडीत ४५ लिटर पाणी. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर, चार दिवस. शिवाय दोन जादा टायर, फावडं, औषधं, सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र. घरी राहते तेव्हाही माझ्याजवळ एवढा परिग्रह नसतो.

पण एक सांगते, मोजलेलं पाणी माणसाला शहाणं करतं. भांडं घासायला एक वाटी, तोंड धुवायला अर्धी. आजी सकाळी तांब्याभर पाण्यात सगळं कसं उरकायची ते मला इतक्या वर्षांनी हातांनी आठवलं. रात्री थंडी कडाक्याची होती आणि इतके तारे होते की ओळखीची नक्षत्रं शोधावी लागली. जप सुरू केला तर माळेचा मणी सरकल्याचा आवाज ऐकू येत होता. अशा जागी मन आपोआप लागतं असं लोक सांगतात. माझा अनुभव असा की पहिला तासभर ते सैरभैर होतं, कारण त्याला ओढून घ्यायला बाहेर काहीच नसतं. मग बसतं.

त्या बसलेल्या मनाला एक टाचणी होती. त्या भागात रस्त्याकडेला पाट्या आहेत, की इथे तस्करी आणि बेकायदा सीमा ओलांडणारे लोक दिसू शकतात, जपून राहा. पहिल्या रात्री मित्राने विचारलं, "आलंच कुणी तर?" त्याचं मत, दिवे बंद, गाडी लॉक, गप्प बसायचं. नवरा म्हणाला, पाणी द्यायचं आणि मदतीसाठी मेसेज पाठवायचा. मित्र म्हणाला, एकटाच असेल कशावरून? कायद्याचा प्रश्न नव्हता. समोर आलेल्या तहानलेल्या माणसाला पाणी पाजायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. प्रश्न भीतीचा होता. आम्ही एकांत मागायला गेलो होतो आणि त्या एकांतात सगळ्यात जास्त भीती कशाची, तर माणसाची. रात्री कोल्ह्यांसारखं ओरडणं ऐकू आलं, कायोटी होते. तेवढ्यानेही तिघं जागे झालो.

कुणी आलं नाही. पण चांडाळ, कुत्री, काळोख हे सगळं मला त्या रात्रीपासून पुस्तकातलं वाटत नाही.

आता या 'निर्जन' जागेबद्दल थोडं. ही वाळू हिआ-सेद ओओधम लोकांची. त्यांच्या नावाचा अर्थच वाळूतले लोक. कुठल्या खडकात पावसाचं पाणी किती महिने टिकतं, हे पिढ्यानपिढ्या जाणून ते या मुलखात राहिले. त्याच वाटेवर आणखी पश्चिमेला टिनाहास आल्तास म्हणून जागा आहे. आपल्या किल्ल्यांवर पाण्याची टाकी असतात ना, तशीच, पण माणसाने न खोदलेली, उतरत्या खडकात एकावर एक. १८५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोनं शोधायला निघालेले लोक या वाटेने गेले, आणि त्यातले कितीतरी पाण्यापर्यंत पोचले नाहीत.

१९०५ च्या उन्हाळ्यात डब्ल्यू. जे. मॅगी नावाचा शास्त्रज्ञ त्या टाक्यांपाशी तंबू ठोकून हवामानाच्या नोंदी घेत होता. ऑगस्टमधल्या एका पहाटे जनावराने डरकाळी फोडावी तसा आवाज आला. जाऊन पाहिलं तर माणूस होता. पाब्लो व्हॅलेन्सिया, सोनं शोधायला गेलेला, जवळपास सात दिवस पाण्याविना. ओठ नाहीसे झाल्यासारखे, जीभ काळी पडून आक्रसलेली, कातडी फाटली होती तरी रक्त येत नव्हतं. त्याला गिळताही येत नव्हतं. आधी अंगावर पाणी चोळलं, मग हळूहळू पाजलं. तो वाचला. मॅगीने पुढच्या वर्षी तहानेवर लिहिलेला लेख वैद्यकात अजून वाचला जातो. त्या सात दिवसांत पाब्लो काय प्यायला? स्वतःचं मूत्र. जपून, बाटलीत साठवून.

हे वाचलं तेव्हा मी उत्तंकांचं आख्यान पुन्हा उघडलं. व्यासांना तहान माहीत होती. उत्तंकांची तहान अजून त्या टोकाला पोचली नव्हती म्हणून त्यांना नियम आठवत होता, असंही म्हणता येईल. मग जो त्या टोकाला पोचलाय त्याच्यासाठी नियम कुणी ठरवायचे? ज्याच्या गाडीत ४५ लिटर पाणी आहे त्याने?

ही जुनी गोष्ट झाली असं समजू नका. मे २००१ मध्ये मेक्सिकोतून आलेले २६ जण याच अभयारण्याच्या परिसरात वाट चुकले. १४ मेले. आणि १२ जून २०१९ ला, इथून पूर्वेला ल्यूकव्हिल गावाच्या पश्चिमेस १७ मैलांवर, सीमेवरच्या गस्तीला सहा वर्षांच्या एका मुलीचा मृतदेह सापडला. मुलगी भारतातली. तस्करांनी त्यांना सीमेवर आणून सोडलं होतं. आई तिला बरोबरच्या बाईपाशी ठेवून पाणी शोधायला गेली होती. त्या दिवशी तापमान ४२ अंशांच्या आसपास होतं.

मराठीत वाळवंट हा शब्द दोन ठिकाणी येतो. एक हे, आणि एक नदीचं. वारकऱ्याला वाळवंट म्हटलं की चंद्रभागा आठवते आणि तिथे माणसांना तोटा नाही. एकनाथांची गोष्ट पैठणच्या गोदावरीच्या वाळवंटातली. भर दुपारी तापलेल्या वाळूत एक पोर रडत होतं. आई पुढे निघून गेलेली. ज्याला शिवणं त्या काळात पाप मानलं जाई त्या घरातलं पोर. स्नान करून आलेल्या नाथांनी ते उचललं, कडेवर घेतलं, शेंबूड पुसला आणि वस्तीत त्याच्या घरी नेऊन पोचवलं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाळूचा चटका कधी जाणवला नव्हता. सगळं लक्ष जातीवर असायचं, धड्यातही तेच असायचं. जून महिन्यातली अ‍ॅरिझोनाची वाळू पायाला लागल्यापासून ती गोष्ट मला आधी चटक्याची वाटते. नाथांनी तत्त्वज्ञान काढलं नाही, पोराचे पाय भाजत होते म्हणून उचललं.

चौथ्या दिवशी निघताना आमच्याकडे नऊ लिटर पाणी उरलं होतं. दोन भरलेले कॅन आणि थोडं सुटं. नवरा म्हणाला, झाडाखाली ठेवून जाऊ या. एवढं साधं. पण परमिटवर माझी सही होती, कुठलीही वस्तू मागे सोडणार नाही अशी.

ही अट उगाच आलेली नाही, हेही सांगायला हवं. प्लॅस्टिकचा कॅन उन्हाने फुटतो, तुकडे होतात, जनावरं ते चघळतात. या वाळवंटातले प्राँगहॉर्न, हरणासारखे दिसतात, २००२ च्या दुष्काळात अमेरिकेच्या बाजूला २१ उरले होते. त्यांची पिल्लं होण्याच्या काळात, १५ मार्च ते १५ जुलै, अभयारण्याचा बहुतेक भाग माणसांना बंद असतो. अ‍ॅरिझोनाचा एक कायदा तर मला फार आवडतो. रानातल्या पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करून जनावरांची पाण्याची वाट अडवायची नाही. तुम्ही पाण्याशेजारी तंबू ठोकलात तर रात्री तहानलेलं जनावर लांबून तुम्हाला बघून परत जाईल, म्हणून. यापेक्षा सुंदर शौचधर्म मला माहीत नाही. नियम म्हणजे नेहमी दयेच्या आड येणारी भिंत, असं बोलणाऱ्यांनी हा कायदा वाचावा.

पण त्याच अभयारण्यात रानमेंढ्यांसाठी पाण्याची टाकी बांधलेली आहेत आणि कोरड्या वर्षी त्यांत बाहेरून पाणी आणून ओततात. आणि २०१७ मध्ये परमिटच्या अटींत स्पष्ट शब्दांत घातलं गेलं की पाणी, अन्न, औषध, पांघरूण मागे ठेवायचं नाही. त्याच ऑगस्टमध्ये 'नो मोअर डेथ्स' या संस्थेच्या चार बायका परमिट न घेता आत गेल्या आणि पाण्याचे कॅन आणि कडधान्याचे डबे ठेवून आल्या. जानेवारी २०१९ मध्ये त्यांना दोषी ठरवण्यात आलं, दंड झाला. वरच्या न्यायाधीशांनी फेब्रुवारी २०२० मध्ये तो निकाल फिरवला. आधार होता १९९३ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा. तहानलेल्यासाठी पाणी ठेवणं हे त्या बायकांचं धर्माचरण आहे, आणि सरकारने त्यावर असा बोजा टाकायला पुरेसं कारण दाखवलेलं नाही, असा त्याचा मथितार्थ. त्याआधी, २०१० मध्येही, जवळच्याच दुसऱ्या अभयारण्यात पाण्याचे कॅन ठेवणाऱ्या एकाची कचरा टाकल्याबद्दलची शिक्षा अपील न्यायालयाने रद्द केली होती. भरलेला पाण्याचा कॅन कचरा ठरतो का, हे नियमातून स्पष्ट होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

कोर्टात हा प्रश्न कचऱ्याचा आणि धर्माचा झाला. मला तो पाणपोईचा वाटतो. आई फोनवर एवढंच म्हणाली, "अगं, पण पाणीच आहे ना ते? आपण चैत्रात रांजण भरून ठेवतो तेव्हा कोण पिणार ते विचारतो का?" तिला सगळं समजावलं, सही, कायदा, मेंढ्या. ती ऐकून म्हणाली, "तू सही केलीस ते बरोबर. पण ज्याने सही मागितली त्याला तहान माहीत नाही."

यावर मी बरेच दिवस विचार केला. एकनाथांची दुसरी गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. काशीहून रामेश्वरासाठी गंगेची कावड, वाटेत तहानेने तडफडणारं गाढव, आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. कावड हाही संकल्पच होता, दिलेला शब्द. तो मोडला. पण शब्द देवाला दिलेला होता, आणि त्या शब्दाचा अर्थ काय हे नाथ आणि देव आपसात ठरवू शकत होते. मी सही दिली होती ती तिसऱ्याला, आणि ती सही दिली म्हणूनच मला आत सोडलं होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. सही करून आत जायचं आणि आत गेल्यावर आपला धर्म काढायचा, हे सत्याला धरून नाही. त्या चार बायकांचं मला इथे विशेष वाटतं. त्यांनी परमिटच घेतलं नाही. जी अट पाळणार नाही तिच्यावर सही केली नाही, उघडपणे गेल्या आणि शिक्षेला सामोऱ्या गेल्या. त्यांनी पाणीही ठेवलं आणि खोटंही बोलल्या नाहीत. मला वाटतं या दोन्ही गोष्टी एकत्र जमायला एवढीच किंमत पडते, आणि ती किंमत द्यायची तयारी असणारे थोडे असतात.

आमचे नऊ लिटर आम्ही परत आणले. शब्द दिला होता, तो पाळला. ते पाणी घरी तुळशीला घातलं. अ‍ॅरिझोनात तुळस जगवणं हे एक वेगळंच व्रत आहे.

त्यानंतर मी त्या परमिटसाठी पुन्हा अर्ज केलेला नाही. सीमेलगत परवानगी मिळालेल्या जागी निळ्या झेंड्याखाली पाण्याची मोठी पिंपं ठेवतात, एकेक ५५ गॅलनचं. ती भरायला जाणाऱ्या ट्रकवर सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक लागतात. आम्ही दोघं अधूनमधून जातो. मित्र एकदा आला, पाठ धरली म्हणाला, पण पुन्हा आला. पिंप लागतं तिथवर रस्ता असतो आणि परवानगी असते. जिथे माणसं खरोखर कोसळतात तिथे बहुतेकदा दोन्ही नसतं. त्यामुळे याने माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंय असं मी म्हणणार नाही. तिथे जप होत नाही, ट्रकचा आवाज फार असतो.

आणि एकांताचं काय? तेराव्या अध्यायातली ती आवड मला अजूनही आहे. पण उत्तंकांनाही एकांतच होता हो. ते जिथे राहत होते तिथे दूरदूर कुणी नव्हतं. त्यांनी देवाला हाक मारली आणि देवाने त्या निर्जनात धाडला तो माणूसच, तोही ज्याला टाळावं असं त्यांना शिकवलं गेलं होतं तोच. हे मी आता वाचते तेव्हा मला पापागो वेलची ती पहिली रात्र आठवते, लॉक केलेली गाडी, कान टवकारून बसलेले आम्ही तिघं आणि मागच्या सीटवर रांगेने ठेवलेले कॅन.

आख्यानाचा शेवट राहिला. कृष्ण उत्तंकांना चूक दाखवतो, पण टाकून देत नाही. म्हणतो, ज्या दिवशी तुम्हाला पाणी हवं होईल त्या दिवशी मरुभूमीवर जलभरले ढग येतील आणि त्यांना लोक उत्तंकमेघ म्हणतील. अमृत गेलं ते गेलं. फिनिक्सला साधारण जुलैच्या सुरुवातीला दक्षिणेकडून असे ढग येतात. आधी धुळीची भिंत येते, मग वारा पडतो, आणि भिजलेल्या क्रिओसोटच्या झुडपांचा वास सगळ्या गावात पसरतो. जून मात्र कोरडाच जातो.

उद्या याच पर्वातलं अर्ध्या सोनेरी अंगाचं मुंगूस. सातूच्या पिठाची ती गोष्ट जमलं तर आधी वाचून या.

राम कृष्ण हरी.